स्वयंपाकघरातील कपाटे सुताराकडून घडवून घ्यावीत की तयार आणावीत?

वाचकाचे पत्र : आमचे घर डोंबिवलीत, सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर नऊ फूट बाय सात फूट आहे. बिल्डरने दिलेला ग्रॅनाइटचा ओटा आणि त्याखाली कडप्प्याचे उभे आधार आहेत. आधारांमधल्या खणांना आजवर पडदे लावून आम्ही काम भागवले. आता नीट कपाटे करावीत असे ठरले आहे. एका शोरूमने मॉड्युलर किचनसाठी २,८५,००० रुपये सांगितले आहेत. एका मोठ्या दालनातील तयार कपाटे १,४०,००० रुपयांत बसतात. सासूबाईंच्या ओळखीचे सुतारकाका वीस वर्षांपासून आमच्या घरी काम करतात. ते १,६५,००० रुपये म्हणतात. यजमानांना शोरूम पसंत आहे, कारण तिथे संगणकावर चित्र दाखवतात आणि दहा वर्षांची वॉरंटी देतात. सासूबाईंचा भर सुतारकाकांवर आहे. माझी उंची पाच फूट चार इंच, त्यांची चार फूट दहा इंच आणि स्वयंपाक आम्ही दोघीही करतो. मेच्या अखेरीस नणंदेच्या मुलीचे लग्न आहे, त्याआधी काम व्हायला हवे. ओट्याखालचे खण सारखे नाहीत. सर्वांत अरुंद एकोणीस इंच आणि सर्वांत रुंद सव्वीस इंच आहे. पावसाळ्यात सिंकच्या मागच्या भिंतीला थोडी ओल येते. आम्ही काय करावे?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तीन आकड्यांकडे लक्ष गेले, परंतु दुसऱ्या वाचनात असे वाटले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांत दडलेले आहे: खण सारखे नाहीत आणि सिंकमागे ओल येते. घरातील चर्चा शोरूम आणि सुतारकाका यांच्याभोवती फिरत आहे, हे स्वाभाविक आहे. पण त्या दोघांपैकी कोणाकडेही जाण्यापूर्वी तुमचा ओटा ठेवायचा की पाडायचा हे ठरले पाहिजे, कारण बाकीचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करू. शोरूमवाले ज्याला मॉड्युलर म्हणतात ते बहुतेक वेळा तयार सामान नसते. ते तुमच्या घरी येऊन माप घेतात, कारखान्यात फळ्या कापतात आणि सुट्या पेट्या आणून जोडतात. म्हणजे तेही तुमच्या मापाने घडवलेले कामच असते. फरक इतकाच की ते घरात बसून करवत चालवत नाहीत. खऱ्या अर्थाने तयार कपाटे म्हणजे तुमच्या पत्रातला १,४०,००० रुपयांचा पर्याय. त्यांच्या रुंदी ठरलेल्या असतात, साधारणपणे तीस, चाळीस, साठ, ऐंशी सेंटीमीटर अशा पायऱ्यांनी वाढत जातात, आणि तुमची भिंत त्या पायऱ्यांत बसली नाही तर उरलेल्या फटीत पट्टी लावून ती झाकली जाते.

या ठरलेल्या मापांना वाईट समजण्याचे कारण नाही. आज ज्याला आपण आखीव स्वयंपाकघर म्हणतो त्याचा एक मोठा आरंभ जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली झाला. मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद स्त्रीने कामगारांच्या नव्या घरांसाठी जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले, आणि त्यासारखी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. ती सोय यशस्वी झाली, कारण घर आणि कपाट एकाच वेळी, एकमेकांच्या मापाने आखलेले होते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत घर आधी उभे राहते, ओटा त्यानंतर गवंड्याच्या अंदाजाने होतो आणि कपाटाचा विचार तीस वर्षांनी येतो. त्या घरावर ठरलेले माप लादायचे झाले, तर काहीतरी तोडावेच लागते.

तुमच्या बाबतीत तोडावा लागणार आहे तो ओटा. तयार कपाटे ही स्वतःच्या पायांवर उभी राहणारी पेटी असते आणि ओट्याची फरशी त्या पेट्यांवर ठेवली जाते. कडप्प्याच्या आधारांमध्ये ती शिरत नाही. एकोणीस इंच म्हणजे जवळपास अठ्ठेचाळीस सेंटीमीटर, त्यात फक्त चाळीसची पेटी बसेल आणि तीन इंच जागा वाया जाईल. सव्वीस इंचांत, म्हणजे सहासष्ट सेंटीमीटरमध्ये, साठची बसेल. शोरूमच्या आराखड्यातही मला खात्रीने वाटते की ओटा पाडण्याचेच गृहीत धरलेले असेल. तेव्हा शोरूम आणि तयार कपाटांचे दालन या दोघांनाही स्पष्ट विचारा की ओटा पाडणे, राबिट खाली नेणे, नवे ग्रॅनाइट, फुटलेल्या टाइल्स, नळ आणि सांडपाण्याची जोडणी हे सारे सांगितलेल्या रकमेत आहे का. शोरूमची रक्कम जीएसटीसह आहे का हेही विचारा, कारण लाकडी फर्निचरवर १८ टक्के कर लागतो आणि तो वेगळा धरला असेल तर २,८५,००० चे ३,३६,३०० रुपये होतात. शिवाय तीस वर्षांच्या इमारतीत ओट्याला हात लावला की सिंकखालचे जुने पाइप आणि जमिनीचे वॉटरप्रूफिंग हलते. खालच्या मजल्यावर गळती सुरू झाल्याच्या तक्रारी अशाच कामांनंतर येताना मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझे पहिले मत असे आहे की ओट्याला तडा नसेल, तो कुठे खचलेला नसेल आणि सिंककडे पाण्याचा उतार बरोबर असेल, तर तो पाडू नका. ज्या कडप्प्याकडे तुम्ही अडचण म्हणून पाहत आहात, ती तुमच्या स्वयंपाकघरातील सर्वांत चांगली पेटी आहे. दगड ओलीने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, त्याचे पदर सुटत नाहीत. महाराष्ट्रातील हजारो घरांत कडप्प्याच्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे शटर अशी पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे, आणि केवळ शोरूमच्या चित्रात ती दिसत नाही म्हणून तिला कमी लेखले जाते याचे मला वाईट वाटते.

ही पद्धत कशी बसते ते थोडे मापांत सांगते, म्हणजे सुतारकाकांशी बोलताना सोपे जाईल. ट्रॉलीची टोपली तयार मिळते. तिच्या रुंदी बाजारात साधारणपणे पंधरा, सतरा, एकोणीस आणि एकवीस इंच, खोली वीस इंच आणि उंची चार, सहा, आठ इंच अशा असतात. टोपली ज्या सरकत्या चॅनेलवर चालते त्याला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते. म्हणजे तुमच्या एकोणीस इंचांच्या खणात चॅनेल थेट कडप्प्यावर बसवले तर अठरा इंच उरतात आणि सतरा इंची टोपली बसते. तोच खण आधी प्लायच्या पेटीने मढवला तर दोन्ही बाजूंचा मिळून आणखी दीड इंच जातो, आणि तुम्हाला पंधरा इंची टोपलीवर समाधान मानावे लागते. अनेक सुतार सवयीने पेटी करतात, कारण दगडापेक्षा लाकडावर स्क्रू पिळणे सोपे असते; पण तुमच्याकडे जागा कमी आहे, तेव्हा चॅनेल थेट दगडावर बसवण्याचा आग्रह धरा. कडप्पा ठोक्याने तडकतो, म्हणून भोक पाडताना ड्रिल यंत्राचा ठोके देणारा भाग बंद ठेवून सावकाश भोक पाडावे आणि त्यात प्लग ठोकून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावावा. आधार वरपासून खालपर्यंत समांतर आहेत का हे काकांनी आधी मोजावे. पाव इंचाचा फरक पट्टी घालून सावरता येतो. सव्वीस इंचांच्या खणासाठी मात्र तयार टोपली अपुरी पडेल, तिथे पंचवीस इंची लाकडी ड्रॉवर काकांकडून करून घ्या. कुकर, कढया, परातींसाठी तीच जागा योग्य आहे. तिथे किमान ४५ ते ५० किलो वजन पेलणारे चॅनेल मागा, कारण भरलेल्या भांड्यांचे वजन आपल्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघते.

टोपल्या घेताना स्टीलची प्रत विचारा. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल पुरेसे असते, २०२ प्रतीत त्याचा बराचसा वाटा मँगनीज घेते, आणि खाडीच्या दमट हवेत २०२ च्या टोपलीच्या सांध्यांवर गंज लवकर दिसतो. घरगुती लोहचुंबक लावून या दोन प्रतींतला फरक कळत नाही, तरी अनेक दुकानदार तोच प्रयोग करून दाखवतात. ज्याच्याकडे स्टीलवर थेंब टाकून तपासण्याची रसायनाची कुपी आहे आणि जो बिलावर ३०४ असे लिहून देतो, त्याच्याकडून घ्या.

आता ओलीकडे वळते, कारण या सर्व कामात मला खरी काळजी तिचीच आहे. भिंतीची ओल दोन कारणांनी येते: सिंकच्या सांध्यातून पाणी झिरपते, किंवा भिंतीतूनच पाणी येते, आणि तेव्हा ते बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा वरच्या मजल्यावरील पाइपातून आलेले असते. एक साधी परीक्षा करा. त्या भिंतीवर एक फूट चौरस जाड प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि पूर्ण एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दमटपणा साचला, तर ओल भिंतीतून येत आहे. सध्याच्या कोरड्या दिवसांत काही दिसले नाही म्हणून निश्चिंत राहू नका. बाहेरच्या भिंतीला भेग आहे का हे सोसायटीला सांगून तपासून घ्या, आणि वरच्या घरातल्यांशी बोला. हे काम कपाटांच्या आधी झाले पाहिजे. ओल्या भिंतीसमोर तुम्ही कितीही महाग पेटी उभी केली तरी ती तुम्हाला फक्त ओल लपवून दाखवते.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या स्वतःच्या घरी आम्ही फार हौसेने तयार पेट्या बसवल्या होत्या. पेट्या देणाऱ्यांनी वॉटरप्रूफ असे तोंडी सांगितले होते आणि आम्ही ते ऐकून घेतले, कागदावर घेतले नाही. सिंकखालच्या पेटीची तळफळी तिसऱ्या पावसाळ्यात फुगली, कडेची पट्टी सुटली आणि बिजागरीचे स्क्रू हातानेच बाहेर आले. वॉरंटीचा कागद काढून पाहिला तर पाण्यामुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले होते. त्या पेटीत पार्टिकल बोर्ड होता. लाकडाचा भुसा आणि कपच्या गोंदाने दाबून तो केलेला असतो. कोरड्या जागी तो वर्षानुवर्षे टिकतो, पण पाणी कडेने आत शिरले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात एकदा स्क्रू निखळला की त्याच भोकात तो दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची, गत पाण्यात फारशी निराळी नाही. तुमच्या यजमानांना दहा वर्षांच्या वॉरंटीचे आकर्षण वाटते हे मी समजू शकते. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी वॉरंटीचा पूर्ण कागद सही करण्यापूर्वी मागवून घ्यावा आणि वॉरंटी बिजागऱ्यांची आहे, बोर्डाची आहे की दोन्हींची, आणि पाण्याबद्दल तिच्यात काय लिहिले आहे, ते वाचावे.

शटर, सिंकखालची चौकट आणि रुंद ड्रॉवर यांसाठी प्लाय लागेल. दुकानात गेल्यावर वॉटरप्रूफ, मरीन, गर्जन असे अनेक शब्द कानावर पडतील. त्यांच्याऐवजी फळीवरचा शिक्का पाहा. आयएसआय चिन्हासोबत मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याच्या परीक्षेत नमुना उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवतात. आयएस ३०३ खाली येणाऱ्या प्लायपैकी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा नमुना ८ तास उकळतात, तर एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्रतीचा नमुना ६० अंश तापमानाच्या पाण्यात फक्त ३ तास ठेवतात. एमआर प्लाय दिवाणखान्याचा आहे, त्याला स्वयंपाकघरात आणू नका. सिंकखाली आयएस ७१०, आणि बाकी शटरांना बीडब्ल्यूआर इतके तुम्हाला पुरेसे आहे. सगळीकडे ७१० लावण्याचा खर्च मला आवश्यक वाटत नाही. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या मालाचा परवाना आहे ते दिसते. फळ्या घरी उतरवताना प्रत्येक फळीवर हा शिक्का आहे का ते पाहून मगच काकांना पहिली फळी कापू द्या, कारण कापल्यानंतर शिक्का कोणत्या तुकड्यावर गेला हे कोणी सांगू शकत नाही.

यजमानांच्या बाजूने एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण सुताराची बाजू घेताना ती अनेकदा दडपली जाते. कारखान्यात सनमायका यंत्राच्या दाबाखाली चिकटतो आणि फळीच्या कडेवर पीव्हीसीची पट्टी गरम गोंदाने यंत्र लावते. घरी जमिनीवर बसून फेविकॉल आणि वजनाच्या भरवशावर केलेल्या कामाला ती सफाई येत नाही, विशेषतः कडांना, आणि पाणी आत शिरते ते कडेनेच. दुसरा दोष असा की काही सुतार सनमायका फक्त समोरच्या बाजूला लावतात आणि मागची बाजू रंगवून सोडतात. दोन्ही बाजूंना सारखा थर नसला की शटर कालांतराने वाकते. यावर उपाय आहे. आता ठाणे-कल्याण पट्ट्यात अशा अनेक कार्यशाळा आहेत, जिथे सुतार माप नेऊन देतात आणि फळी कापणे, दाबून सनमायका लावणे आणि कडांची पट्टी ही तिन्ही कामे यंत्रावर करून आणतात. सुतारकाकांना ही शटरे अशी करून आणण्यास सांगा आणि त्याची वेगळी मजुरी द्यावी लागली तर आनंदाने द्या. घरात धूळही कमी होईल. शटर हळू बंद होण्याची सोय ज्या बिजागऱ्यांत असते त्या हेटिख, हेफले, ब्लूम, एब्को अशा नावांच्या असतात आणि शोरूममध्ये तेच वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात त्या कोणालाही मिळतात. तुम्हीच काकांसोबत जाऊन त्या आणा, बिल तुमच्या नावे घ्या.

भिंतीवरच्या कपाटांबद्दल माझे मत वेगळे आहे. तिथे पाणी नाही, ओटा नाही, कडप्पा नाही. कोरड्या भिंतीवर तयार कपाटे टांगण्यात मला काही गैर दिसत नाही, आणि मी तुमच्या जागी असते तर ती तयारच आणली असती. ती धातूच्या एका पट्टीवर टांगली जातात, भिंत वाकडी असली तरी स्क्रू फिरवून सरळ करता येतात, दोन दिवसांत काम संपते आणि त्यांच्या कडा यंत्राने बंद केलेल्या असतात. फक्त ओल येणाऱ्या भिंतीवर आणि गॅसच्या बरोबर वर ती लावू नका. वरच्या कपाटांचा आणि खालच्या शटरांचा रंग जुळवण्याच्या मागे लागू नका, दोन ठिकाणचा पांढरा कधीच सारखा निघत नाही. वर फिकट आणि खाली गडद असा फरक आधीच ठरवून घ्या.

तयार कपाट निवडताना तुमची भांडी मोजून न्या. तीस सेंटीमीटर रुंदीच्या पेटीत बाजूच्या फळ्या वजा जाता आत सव्वीस सेंटीमीटरच्या आसपास जागा उरते. आपल्याकडचे जेवणाचे बारा इंची स्टीलचे ताट त्यात आडवे मावत नाही. हे दुकानात लक्षात येत नाही, कारण तिथल्या नमुन्याच्या कपाटात लहान बशा आणि पेले मांडलेले असतात. तुमची ताटे, सर्वांत मोठा कुकर, पुरणयंत्र, मिक्सर आणि तांदळाचा डबा यांची रुंदी आणि उंची एका कागदावर लिहा. तांदळाचा मोठा डबा कोणत्याही वरच्या कपाटात ठेवायचा नाही. त्याची जागा खाली, जमिनीलगतच्या चाकांच्या पाटावर असावी आणि असा पाट काका अर्ध्या दिवसात करून देतील.

उंचीचा प्रश्न तुम्ही एका वाक्यात लिहून सोडून दिला आहे, पण रोज दोन-तीन तास उभ्या राहणाऱ्या दोघींच्या पाठींचा तो प्रश्न आहे. उभे राहून कोपर काटकोनात वाकवल्यावर कोपरापासून चार ते सहा इंच खाली हात चालला तर चिरणे, ढवळणे सोयीचे होते. या हिशेबाने तुम्हाला पस्तीस इंचांच्या आसपासचा ओटा हवा आणि सासूबाईंना एकतीस-बत्तीसचा. बिल्डरचे ओटे बहुधा तेहेतीस-चौतीसचे असतात, म्हणजे तुमचा ओटा दोघींच्या मधला असावा, मोजून पाहा. पोळ्या लाटताना वरून जोर द्यावा लागतो, त्यामुळे लाटण्याची जागा त्याहूनही खाली हवी. इथे घडवून घेण्याचा खरा फायदा आहे. ओट्याच्या फरशीलगत, एका खणाच्या अगदी वरच्या बाजूला, बाहेर ओढता येणारी जाड फळी काकांकडून करून घ्या. तिची उंची आपोआप तीस-साडेतीस इंच येते, तिच्यावर पोळपाट ठेवता येतो आणि सासूबाईंना खांदे उचलून लाटावे लागणार नाही. फळीवर जोर पडणार असल्याने ती अर्ध्याहून अधिक बाहेर येऊ नये आणि तिच्यासाठी जड वजनाचे चॅनेल वापरावे. अशी फळी तयार कपाटांत मी आजवर पाहिलेली नाही.

तुमच्याकडे सिलिंडर असेल तर आणखी एक सूचना आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या खणाला घट्ट बंद होणारे शटर कधीही लावू नका. शटरच्या खालच्या आणि वरच्या भागात झडपा ठेवा, आणि रबरी नळी ड्रॉवरच्या मागून लपवून नेण्यास नकार द्या. ती नळी दर ५ वर्षांनी बदलायची असते, आणि जी डोळ्यांना दिसत नाही ती कोणी वेळेवर बदलत नाही. सिंकखालच्या शटरालाही अशाच झडपा असाव्यात, म्हणजे तिथली हवा खेळती राहते.

राहिला सुतारकाकांशी व्यवहार लिहून घेण्याचा प्रश्न. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसासमोर कागद कसा ठेवावा, असा संकोच तुम्हाला वाटत असणार. माझा अनुभव असा आहे की लेखी नसलेल्या कामातच चांगल्या माणसांशी संबंध बिघडतात, कारण दोघांच्या आठवणी वेगळ्या असतात. तुम्ही आणि सासूबाई दोघींनी मिळून काकांसमोर बसा आणि एका वहीच्या पानावर लिहा: प्लायचे मानक आणि जाडी, सनमायकाचा क्रमांक, कोणत्या खणात काय, दर चौरस फुटाचा असेल तर तो शटरच्या दर्शनी मापावर की लागलेल्या सर्व फळ्यांवर, हार्डवेअर कोणी आणायचे आणि काम कोणत्या तारखेला पूर्ण होईल. चौरस फुटाच्या मापाचा हा खुलासा विसरू नका, कारण निम्म्या भांडणांचे मूळ तिथेच असते. त्यांनी सांगितलेले १,६५,००० रुपये बहुधा पूर्ण पेट्या धरून असतील. ओट्याखालच्या पेट्या गेल्या आणि वरची कपाटे तयार आली की तो आकडा खाली यायला हवा, तेव्हा नव्याने हिशेब मागा. पैसे टप्प्याने द्या: सामान उतरल्यावर काही, शटर लागल्यावर काही, आणि शेवटचा दहावा हिस्सा सर्व ट्रॉल्या भांडी भरून आठवडाभर चालवून पाहिल्यानंतर. तयार कपाटांचे आणि सामानाचे जीएसटीसह पक्के बिल ठेवा. पुढे विक्रेत्याशी वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण तिथे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

मेच्या अखेरीचे लग्न लक्षात घेता आताच्या आठवड्यात प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा, पुढच्या पंधरवड्यात सिंकची आणि भिंतीची दुरुस्ती, आणि भिंत पूर्ण वाळल्यावर काकांचे माप असा क्रम ठेवा. भिंत वाळण्यास वेळ लागला आणि तारीख जवळ आली, तर सिंकखालचा एक खण पडद्यासह तसाच राहू द्या आणि बाकीचे काम पूर्ण करा. तो खण पावसाळ्यानंतर, ओल परत येते की नाही हे पाहून दिवाळीत करता येईल. त्यासाठी लागणारा सनमायकाचा एक पत्रा मात्र आताच जास्तीचा घेऊन पलंगाखाली आडवा ठेवून द्या, कारण सहा महिन्यांनी त्याच क्रमांकाचा पत्रा दुकानात मिळेलच असे नसते.